बोटाला काळं लागेना

ग्यानबाच्या जीपचं डोकं फिरलं होतं, का मुन्ना मिस्तरीचं, का खुद्द ग्यानबाचं, याचा निकाल तीन आठवडे कोणालाच लावता आला नाही. स्टिअरिंगच्या मागं इंजिनाच्या चित्राचा एक पिवळा दिवा असतो, तो पेटायचा. पेटला की गाडी चाळीसच्या वर सरकायची नाही. अडलेला बैल परवडला, त्याचं निदान शेपूट तरी पिरगाळता येतं. पाठीमागं दहा माणसं कोंबलेली, पुढं हिंगोलीचा दवाखाना नाहीतर कचेरी गाठायची घाई, आणि ही बया आपली डुलत डुलत चाललेली. बाजूनं फटफटीवाला हसून पुढं जायचा.

नरसी ते हिंगोली अशा ग्यानबाच्या दिवसाला चार फेऱ्या, आणि फाट्यावर मुन्नाचं पत्र्याचं गॅरेज. आता मुन्ना कोण, हे आधी सांगायला पाहिजे. मुन्ना पाच वर्षांचा असताना त्याची माय वारली. शेजारच्या गोजरबाईनं, म्हणजे ग्यानबाच्या आईनं, त्याला उचलून आपल्या घरात आणलं. दोन्ही पोरं एकाच ताटात जेवली, आणि गोजरबाईनं दोघांच्या कानामागं एकाच डबीतली तीट लावली. पुढं ग्यानबाला गाडी शिकवली ती मुन्नानं. ग्यानबाला सख्खा भाऊ नव्हता आणि त्याची उणीव त्याला कधी भासलीही नाही. असं माणूस बोटाएवढ्या तुकड्यापायी हातचं जायची वेळ येते, म्हणजे काय म्हणावं!

सुरुवात केली उंदरानं. गाडीखालची एक वायर त्यानं मुळापासून कुरतडली. दिवा पेटला. मुन्नानं आपलं छोटं कॉम्प्युटर गाडीला जोडलं, चष्मा वर केला आणि म्हणाला, "पीएम सेन्सर गेला. वायर त्यालाच जोडून येती, नवाच टाकावा लागंल."

"हे काय असतं आता?"

"हे बघ. डिझेलच्या धुरात काजळी असती. ती अडवायला सायलेन्सरात गाळणी बसवलेली हाय. आन् गाळणी फुटली का शाबूत हाय ते बघायला तिच्या पुढं हा सेन्सर. याच्यावर काजळी बसली का करंट पास होतो. मंग हा सांगतो, गाळणी फुटली, काजळी बाहेर येऊन राहिली."

"म्हंजे सोता घाण झाल्याबिगर याला घाण कळत न्हाई?"

"बराबर."

"आन् एकदा घाण झाला का?"

"सोताला भाजून घेतो. लाल होतो, काजळी जाळतो, पुन्हा कोरा."

ग्यानबानं कान खाजवला. आजवर इंजिनाची तब्येत बघायची तर सायलेन्सरात बोट फिरवायचं आणि बोट बघायचं, एवढं साधं होतं. काळंकुट्ट आलं तर इंजिन म्हातारं, नाही आलं तर ठणठणीत. आता हे स्वतःला भाजून घेणारं काय निघालं, ते काही त्याच्या डोक्यात शिरलं नाही. पण मुन्ना म्हणतो म्हणजे असणार.

नांदेडहून सेन्सर आला. अंगठ्याएवढा जाड, तोंडाला भोकं पाडलेली चकचकीत टोपी, पाठीमागं वायरची शेपटी. ग्यानबाच्या घरची रीत अशी, की नवी वस्तू आधी देव्हाऱ्यापुढं जाते आणि मग कामाला लागते. मोबाइल असो, फवारणीचा पंप असो, रीत एकच. गोजरबाईनं सेन्सर पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि बराच वेळ त्याच्याकडं बघत राहिली.

"एवढासा तर हाय. आन् एवढा महाग काहून?"

"साऱ्या गाडीची मदार याच्यावर हाय माय," ग्यानबा म्हणाला आणि जेवायला बसला.

सकाळी मुन्नानं फडक्यानं हळदकुंकू पुसलं, पाना मारला, दिवा विझला. ग्यानबा खूश झाला. तिसऱ्या दिवशी भर रस्त्यात दिवा पुन्हा हजर.

मुन्नानं कॉम्प्युटर लावलं. या वेळी ते वेगळंच बोलत होतं. सेन्सर चांगला आहे म्हणत होतं. गाळणी फुटली म्हणत होतं.

"तीन वर्सांच्या गाडीची गाळणी?" मुन्ना स्वतःशीच बोलला. मग त्यानं जुनी रीत केली. सायलेन्सरच्या तोंडात बोट घालून गोल फिरवलं आणि उन्हात धरलं. बोट पांढरं. ग्यानबानं आपलं बोट घातलं. तेही पांढरं, अगदी धोतराला पुसून घ्यावं असं. मग सेन्सर खोलला, तर टोपीच्या आत काळा चिकट लेप.

सायलेन्सर कोरा आणि सेन्सर काळा. पाऊस गावात पडत नाही आणि एकट्या पाटलाचं अंगण तेवढं ओलं, असा हा प्रकार.

"मुन्ना, खरं कोण बोलून राहिलं? बोट का मशिन?"

"दोघं बी," मुन्ना म्हणाला. "तीच तर तकलीफ हाय."

त्यानं फवारा मारून सेन्सर धुतला. त्याखालची चकती खराब झाली होती, ती हिंगोलीहून आणायची होती. तोवर भोकाला बोल्ट ठोकून दिला, आणि एवढी महागाची वस्तू पत्र्याच्या गॅरेजात कशाला, म्हणून ग्यानबानं सेन्सर घरी नेऊन देव्हाऱ्यापुढं ठेवला. दुसऱ्या दिवशी बसवला. चौथ्या दिवशी दिवा पेटला. पुन्हा बोट पांढरं, पुन्हा सेन्सर काळा. पुन्हा धुतला, पुन्हा सुकायला म्हणून घरी नेला, पुन्हा बसवला. आणि तुम्ही ओळखलंच असेल, पुन्हा पेटला.

आता ग्यानबाला जेवण गोड लागेना. बायको पुनम काही विचारायची तर भलतंच उत्तर द्यायचा. गाळणी फुटली म्हणावं तर बोट खोटं पडतं, बोट खरं म्हणावं तर मशिन खोटं पडतं, दोन्ही खरं म्हणावं तर आपणच येडे ठरतो. फेऱ्या चाराच्या दोन झाल्या. रोजच्या गिऱ्हाइकांतली भिकाबाई म्हणाली, लिंबू-मिरची बांध. आणि फाट्यावरचा चहावाला प्रेमदास, ज्याला कोणी विचारलं नव्हतं, तो कप विसळता विसळता म्हणाला, "मिस्तरी लोकांचं काय सांगावं भाऊ. नवा काढून घेतात आन् दुसऱ्या गाडीचा जुना घालतात. आपल्याला थोडंच कळतं?"

ग्यानबानं त्याला झिडकारलं. पण कुसळ डोळ्यात जायचं ते गेलंच. संशय असा असतो, की एकदा आत आला की घरच्यासारखा पाय पसरून बसतो. बोट पांढरं, सायलेन्सर कोरा, मग काळं येतं कुठून? सेन्सर खोलतं कोण? मुन्ना. धुतं कोण? मुन्ना. बसवतं कोण? मुन्ना. हिशेब कसा चोख बसला! एका गोष्टीचा हिशेब तेवढा त्यानं धरला नाही, ती आपल्याला पुढं कळेलच.

सोमवारी, नवा सेन्सर बसवल्यापासून दिवा चौथ्यांदा पेटला. गाडीत दहा माणसं, शेजारी प्रेमदासची टपरी भरलेली. मुन्नानं सेन्सर खोलून हातात घेतला आणि म्हणाला, "ग्यानबा, मला तर काहीच समजून न्हाई राहिलं."

"तुला समजंना व्हय?" ग्यानबा म्हणाला. "मला समजलं सारं. माझा नवा सेन्सर कोणाच्या गाडीत घातला तेवढं सांग."

टपरीवर बशी बशीला लागली तेवढा आवाज. जिभेला हाड नसतं म्हणतात ते खरंच. असतं तर तिथंच मोडलं असतं, बरं झालं असतं.

मुन्ना आत गेला, सेन्सर नीट धुतला, फडक्यानं कोरडा केला. मग सेन्सर आणि बावीसचा पाना, दोन्ही ग्यानबाच्या हातात ठेवले.

"तूच बसव," तो म्हणाला. "माझ्या हाताचा भरवसा न्हाई ना तुला. आन् पाना आणून द्यायची गरज न्हाई, ठेव तुलाच." आणि त्यानं भर दुपारी गॅरेजचं दार ओढून घेतलं.

ग्यानबानं सेन्सर खिशात टाकला, माणसं हिंगोलीला सोडली आणि तसाच घरी आला. त्यानं सवयीनं सेन्सर देव्हाऱ्यापुढच्या पाटावर ठेवला आणि मोरीत तोंडावर पाणी मारायला गेला. पुसत पुसत परत येतो तर गोजरबाई पाटापुढं बसलेली. डाव्या हातात सेन्सर. मांडीवर काजळाची डबी. उजव्या हातात उदबत्तीची काडी, आणि ती काडी टोपीच्या भोकातून आत घालून म्हातारी मन लावून फिरवत होती.

"माय, काय करून राहिलीस?"

"तीट लावते," गोजरबाई म्हणाली. "पहिल्यांदा वरनं लावली असती, पण मुन्ना फडकं मारून पुसून टाकतो, कुंकू बी ठेवत न्हाई. म्हणून दरवेळी आतून लावते."

"दरवेळी?"

"मंग? साऱ्या गाडीची मदार याच्यावर हाय म्हणलास. लोकं बघतात, नजर लागती. दिवा पेटला म्हणलास का मी समजायची, जोराची नजर हाय. मंग पुढच्या टायमाला थोडी जास्त लावायची."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. कळसा सापडल्याचा आनंद मात्र काडीचाही झाला नाही, कारण ग्यानबा चारचौघांत चोर म्हणून ज्याला बोलला होता, तो फाट्यावर दार लावून बसला होता.

"अगं माय, ते काजळी मोजतं. काजळी दिसली का गाडी बंद पाडतं."

गोजरबाईनं डबीकडं बघितलं, सेन्सरकडं बघितलं. "काजळ म्हंजे दिव्याची काजळीच की," ती हळू म्हणाली. "मंग त्यानं बराबरच सांगितलं. खोटं कुठं बोललं?"

"न्हाई बोललं," ग्यानबा म्हणाला. "मुन्ना बी न्हाई बोलला. मीच बोललो." आणि त्यानं मायला सगळं सांगितलं, टपरीवरच्या माणसांसकट.

म्हातारीनं ऐकून घेतलं. रागावली नाही. डबी कनवटीला खोवली आणि म्हणाली, "चल. गाडी काढ."

ग्यानबानं सेन्सर आणि पाना बरोबर घेतला, आणि गाडी चाळीसनं फाट्यावर आली. टपरीवर दुपारचीच माणसं होती. गोजरबाईनं गॅरेजचं दार हातानं वाजवलं. मुन्नानं उघडलं, माय दिसली तसा बाजूला झाला. ग्यानबाकडं त्यानं बघितलं नाही. ग्यानबानं घरून निघताना पाच-सहा वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही तोंडाशी येईना.

"काजळ मी घालत होते रं त्याच्यात," गोजरबाई मोठ्यानं म्हणाली, टपरीला ऐकू जाईल अशी. "या गाढवाला न्हाई समजलं. मला बी न्हाई समजलं."

मुन्नातला मिस्तरी जागा झाला. "पर माय, काजळ असतं तर त्यानं सोताच जाळलं असतं. काय काय टाकतीस त्याच्यात?"

"एरंडेलाच्या दिव्याची काजळी. आन् चिमूटभर नामदेवाच्या देवळातला अंगारा."

"अंगारा," मुन्ना म्हणाला. "राख काही जळत न्हाई." त्याच्या तोंडावर हसू यायला लागलं होतं, ते ग्यानबाकडं नजर जाताच विझलं.

गोजरबाईनं ते बघितलं. तिनं कनवटीची डबी काढली, बोट बुडवलं आणि म्हणाली, "खाली वाक."

पंचेचाळीस वर्षांचा मुन्ना चार माणसांदेखत वाकला. म्हातारीनं त्याच्या कानामागं काळा ठिपका ठेवला. "नजर गाडीला लागलीच नव्हती," ती म्हणाली. "तुला लागली. आन् बाहेरच्याची न्हाई, माझ्याच पोराची."

ग्यानबाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते पुसलंही नाही. "मुन्ना, चुकलो," एवढंच म्हणाला.

मुन्नानं त्याच्याकडून सेन्सर घेतला, फवारा मारला, उन्हात धरून टोपीच्या भोकातून आत बघितलं. मग गाडीखाली सरकला. बराच वेळ त्याचे नुसते पाय दिसत होते, आणि ग्यानबा त्या पायांशी उभा होता.

मग गाडीखालून एक काळा हात बाहेर आला.

"माझा पाना दे," मुन्ना म्हणाला.