रेषेखालचा ठिपका

नाजियाने तो ठिपका तिसऱ्यांदा पुसला आणि तिसऱ्यांदा परत आणला. संगणकाच्या पडद्यावर वडीगोद्रीच्या साठ बायकांचे साठ ठिपके होते. आडवं वय, उभा रक्तदाब. वय वाढेल तसा रक्तदाब चढतो, हे सांगणारी रेषा त्यांच्यामधून तिरपी वर गेली होती. अडुसष्ट वर्षांच्या तुळजाबाईंचा ठिपका तेवढा पार खाली, एकशे आठवर.

"काढून टाक तो," कॉलेजातले संख्याशास्त्राचे सर म्हणाले. "सहसंबंध बघ किती छान येतो. परवा प्रकल्प द्यायचाय."

आकडा खरंच देखणा होत होता. पण शिबिराच्या गर्दीत यादीतलं नाव पुकारून, पुढे आलेला हात धरून आपण मोजलेलं माणूस असं खोडायला तिचं बोट धजेना. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती जालन्याहून एसटीने वडीगोद्रीला उतरली.

तुळजाबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"आजी, एवढा चांगला बीपी! खाता तरी काय तुम्ही?"

"भाकर अन् ठेचा. दुसरं काय?" त्या ऐटीत म्हणाल्या. दारातली त्यांची सून दैवशाला पदराआड फिसकन हसली.

नाजियाने यंत्राचा पट्टा उलगडला, तसा तुळजाबाईंनी हात मागे घेतला.

"त्या दिशी बसल्ते की मी."

"तुम्ही कुठं? तोंडावर पदर वढून मी बसल्ते," दैवशाला म्हणाली. "बीपी निघालं तर लोणचं बंद होईन म्हणून मलाच पुढं केलं यायनी."

नाजियाला हसू आवरेना. तुळजाबाईही हसल्या आणि त्या भरात हात पुढे आला. पट्टा फुगला. एकशे अठ्ठ्याहत्तर. नाजियाने थांबून पुन्हा मोजलं. तेवढंच.

"आजी, आत्ताच दवाखान्यात जाऊ. लोणच्याची एक फोड मी डॉक्टरांकडून मागून घेईन."

"एक न्हाई, दोन माग," तुळजाबाई चपला शोधत म्हणाल्या.

गोळ्या घेऊन परतताना त्यांनी विचारलं, "आता झालं का तुझं गणित बराबर?"

"झालं. तुमचा ठिपका रेषेच्या जरा वरच गेला."

"मंग सगुणाचंबी बघून घे. तिच्या जागी तिची जाऊ बसल्ती."

नाजिया जागीच थांबली. सगुणाबाईंचा ठिपका रेषेवर इतका नेमका बसला होता, की तिने त्याच्याकडे दुसऱ्यांदा पाहिलंच नव्हतं.

फाट्यावर जालन्याची एसटी उभी होती. कंडक्टरने हाक दिली. नाजियाने हातानेच 'जा' म्हटलं.

"सगुणाबाईंचं घर कोणतं, आजी?"

"चल, दावते," तुळजाबाई पुढे झाल्या. "तिथून उषाबाईकडंबी जाऊ."