भरलेली बाटली

नरसिंहरावांनी अध्यक्षांच्या खुर्चीवरची आपली गुबगुबीत उशी उचलली, शेजारच्या खुर्चीवर ठेवली आणि हात पुढे केला.

"या अक्का, बसा. नुसतं फोटोपुरतं नव्हे हां. महिलांचा विषय संपेपर्यंत तुम्हीच अध्यक्ष."

सुचेता बसली. हयवदन समितीचा चिटणीस. त्यानं मोबाइलवर फोटो काढला आणि तोही जागेवर येऊन बसला. भिंतीवर 'हवामान बदल आणि महिला नेतृत्व' असा फलक होता, आणि त्याखाली तीन पुरुष आणि सुचेता.

जयनगर वॉर्डाच्या हवामान आराखड्याची ही शेवटची बैठक. संध्याकाळपर्यंत आराखडा वर पाठवायचा होता. चौघांच्याही घरी मराठी, म्हणून बैठकही मराठीत चाले. कन्नड आणि इंग्रजी पाहुण्यासारख्या येऊन जात.

नरसिंहराव सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते. त्यांचे नियम झाले नव्हते. विषय सुरू असताना एकही सभासद उठला तर सभा मोडली असं समजावं, हा ठराव त्यांनीच करून घेतला होता. फोन आल्याचं निमित्त करून लोक चहाला जातात, हे त्यांनी आयुष्यभर पाहिलं होतं. अध्यक्षांना तेवढी उठायची मुभा होती. नरसिंहरावांना मधुमेह होता. बैठकीत मधूनमधून ते कानडी वळणानं "स्वल्प येतो" म्हणत पॅसेजच्या टोकाला जाऊन येत, आणि तोवर सभा गप्प बसून असे.

टोकाला स्वच्छतागृहाची दोन दारं होती. दुसऱ्या दारावर साडीतल्या बाईचं चित्र होतं आणि कुलूप. आत मागच्या महिला दिनाचे फलक आणि सत्कारातून उरलेल्या शालींची खोकी. चावी गुंडो शिपायाकडे, आणि गुंडो रजा घेऊन गावी, आनेकलला.

सुचेतानं कलम वाचलं. रस्ते झाडणाऱ्या पौरकार्मिक महिलांच्या प्रत्येक हजेरीच्या ठिकाणी सावली, पिण्याचं पाणी आणि कामाच्या वेळेत कुलूप नसलेलं स्वच्छतागृह.

"सावली, ओके. पाणी, ओके," अवधूत लॅपटॉपमागून म्हणाला. तो पुण्याहून आलेला. आराखड्यातले नकाशे त्याचे. "पण ताई, टॉयलेट हा क्लायमेटचा इश्यू नाहीये ना. स्कोप वाढतो उगाच."

"पाणपोया ठेवा की," नरसिंहराव म्हणाले. "कोपऱ्याकोपऱ्यावर ठेवा. ऊन वाढलं, पाणी वाढवा. हवामानात संडास कुठून आला? वरचे लोक हसतील आपल्याला."

"हसू देत. गंगव्वा आठवते?"

हयवदननं मान खाली घातली. गंगव्वा त्यांचाच रस्ता झाडायची. गेल्या उन्हाळ्यात झाडता झाडता खाली बसली, ती पुन्हा उठली नाही. इस्पितळानं उष्माघात लिहिला. नरसिंहरावांनी शोकसभा घेतली होती. मौन त्यांनी घड्याळ लावून पाळलं होतं.

"ती बसली तेव्हा मी फाटकात होते," सुचेता म्हणाली. "तिच्याजवळ पाण्याची बाटली होती. मीच द्यायची रोज सकाळी, फ्रीजमधली. ती भरलेली होती."

"भरलेली?" नरसिंहराव पुढे झुकले. "मग प्यायली का नाही ती?"

सुचेतानं टेबलाकडे पाहिलं. टेबलावर चौघांपुढे बाटल्या होत्या. नरसिंहरावांची एक संपून दुसरी अर्ध्यावर आली होती. सुचेताच्या बाटलीचं सील शाबूत होतं. ते प्रत्येक बैठकीत शाबूत असे, आणि बैठक संपली की हयवदन ती बाटली कपाटात ठेवून पुढच्या बैठकीत तिच्याचपुढे आणून ठेवी.

तिनं सील तोडलं. बाटली तोंडाला लावली आणि सावकाश, पण मध्ये खाली न ठेवता, रिकामी केली.

"मत घेऊया का अक्का?" हयवदननं विचारलं.

"घेऊ. आधी मी जाऊन येते. अध्यक्षांना मुभा आहे ना?"

"आहे, आहे," नरसिंहराव उदारपणे म्हणाले. "पण ते दार तर…"

"बंद आहे. ठाऊक आहे मला. बाहेर बघते कुठं मिळतंय ते."

ती गेली. पंखा फिरत राहिला. अवधूतनं एक आलेख रंगवला, मग त्याचा रंग बदलला. हयवदननं फलकाचं टोक निघालंय का ते बसल्या जागेवरून पाहिलं. नरसिंहरावांनी उजवा पाय डाव्यावर टाकला, थोड्या वेळानं डावा उजव्यावर.

"जयनगरात कुठं मिळत नाही म्हणजे काय?" ते कुणालाच उद्देशून न बोलता म्हणाले.

त्यांनी पुन्हा पाय बदलला.

"हयवदना, आता मी उठलो तर?"

"सभा मोडली सर. आत्ता अध्यक्ष अक्का आहेत. आराखडा राहिला." हयवदन चाचरला. "नियम आपलाच…"

"ठाऊक आहे."

"सर, जाऊन या ना," अवधूत हळूच म्हणाला. "कुणाला कळणार आहे?"

"मला," नरसिंहराव म्हणाले, आणि उशीच्या कडेवर ताठ बसून राहिले.

सुचेता परतली तेव्हा तिचा चेहरा उन्हानं लाल झाला होता. पदरानं कपाळ पुसत ती खुर्चीत बसली.

"उशीर झाला. दर्शिनी हॉटेलातला म्हणाला, फक्त आमच्या माणसांसाठी. पेट्रोल पंपावर दुरुस्ती चाललीय. शेवटी रिक्षा केली आणि घरी जाऊन आले."

नरसिंहरावांनी रुमालानं मान पुसली. "कलम वाचा."

"वाचलंय मघाशी."

"पुन्हा वाचा. नीट."

तिनं वाचलं. "कोण बाजूनं?"

पहिला हात नरसिंहरावांचा वर गेला. अवधूतनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्याचाही. मग हयवदनचा.

"'कुलूप नसलेलं' याच्याखाली रेघ मारा," नरसिंहराव म्हणाले. आवाज थोडा बसला होता.

सुचेतानं रेघ मारली. "विषय संपला."

नरसिंहराव उठले. "स्वल्प येतो" म्हणायचं आज राहून गेलं. पॅसेजमध्ये त्यांची पावलं वयाला न शोभेल इतक्या घाईनं वाजली.

त्यांच्या जागेसमोर टेबल रिकामं होतं. त्यांची बाटली पार पलीकडच्या कडेला, बसल्या जागेवरून हात जेमतेम पोचेल इतकी लांब सरकवलेली. मघाशी होती तेवढीच, अर्धी. झाकण घट्ट लावलेलं.

हयवदन ती उचलायला पुढे झाला.

"राहू दे," सुचेता म्हणाली. "ते येईपर्यंत तिथंच राहू दे."