वरचं मीठ

गणपतरावांच्या ताटाशेजारी मिठाची वाटी कायम असे. बायकोच्या हातचं मीठ कधीच बरोबर पडत नाही, हे त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच पंगतीत सगळ्या भावकीसमोर जाहीर केलं होतं, आणि माणूस शब्दाचा पक्का. घास तोंडात जायच्या आधीच आमटीत चिमूट पडायची. आधी चव बघावी, मग मीठ घालावं, हे शालूबाईंनी एकदाच सुचवलं. ताट भिंतीवर गेलं. त्यांनी भिंत पुसली आणि दुसरं ताट वाढलं.

पुढं छातीत कळ आली, दवाखाना झाला, गोळ्या सुरू झाल्या आणि मीठ बंद झालं. घरात भांडी आपटायला लागली. शेवटी लेकीनं, अनुजानं, पुण्याहून कमी सोडियमचं मीठ पाठवलं. हृदयासाठी चांगलं, असं पाकिटावरच छापलेलं. चव जराशी कडसर, म्हणून चिमटीच्या जागी चमचा आला. औषधच म्हटल्यावर हात कशाला आखडायचा?

महिन्याभरानं रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. गणपतराव तोवर बाहेर पानपट्टीवर पोचले होते.

"मावशी, या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं," डॉक्टर म्हणाले. "धडधाकट माणसाला ते चालतं. पण यांची किडनी थकलीय, त्यात जुनी गोळीही पोटॅशियम अंगात धरून ठेवते. गोळी मी बदलतो. पाकीट मात्र आजच फेका. केळी, शहाळी बंद. हे आणखी वाढलं तर हृदय बसल्या जागी थांबेल. पाय गळाल्यासारखे वाटले तर तसंच उचलून आणा."

शालूबाई हादरल्या. नवरा कसाही असला तरी तो जगावा, असं त्यांना मनापासून वाटत होतं. घरी येताना रिक्षात त्यांनी सगळं सांगितलं. "डॉक्टरला गिऱ्हाईक पाहिजे," एवढंच बोलून गणपतरावांनी पान थुंकलं. शालूबाईंनी पाकीट जोंधळ्याच्या पिठाच्या डब्यात खोल पुरलं. फेकून द्यायला मात्र हात धजला नाही, कारण पैसे लेकीचे होते.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, तालमीतले जुने सोबती मटणाला आले. उदयसिंह त्यात सगळ्यात मोठ्या आवाजाचा. पांढरा रस्सा वाढला आणि गणपतरावांचा हात सवयीनं वाटीकडं गेला. वाटी रिकामी होती.

"मीठ कुठं हाय?"

"न्हाय घालायचं. काळजाला बाधतंय, डॉक्टर म्हणालेत," शालूबाई म्हणाल्या. "पाया पडतो तुमच्या."

गणपतराव सोबत्यांकडं वळून हसले. "बघा की. जलमभर हिला आमटीत मीठ घालता आलं न्हाय, आता मला मीठ शिकवतीया."

"वहिनी, मालकाला उपाशी मारताय व्हय?" उदयसिंह म्हणाला, आणि सगळी पंगत खदखदून हसली. त्या हसण्यात शालूबाईंच्या मनातलं काहीतरी कायमचं विटलं. इतकी वर्षं गिळलेलं सगळं एकदम वर आलं. त्या आत गेल्या, पिठात कोपरापर्यंत हात घातला आणि पाकीट आणून नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवलं. वर चमचाही ठेवला.

गणपतरावांनी सढळ हातानं घातलं. भुरका मारला. "आत्ता चव आली. शालू, आज बरं जमलंय तुला."

"आणि वाढू?" शालूबाईंनी विचारलं आणि वाढलं. मीठ त्यांनी स्वतःच्या हातानं घातलं नाही. ते मालकांचं काम.

जेवण आटोपलं. हात धुवायला गणपतराव उठू लागले आणि परत पाटावर बसले. पुन्हा उठायला गेले, पण पाय हलेनात.

"रस्सा पायात उतरला मालकांच्या," उदयसिंह म्हणाला, आणि पंगत परत हसली.

गणपतराव हसले नाहीत. कपाळावर घाम आला होता. त्यांनी बायकोकडं बघितलं, आणि रिक्षातलं बोलणं त्यांना आठवलं असावं. "शालू," ते हळू म्हणाले, "पाय गळाल्यात गं."

शालूबाईंनी त्यांचं खरकटं ताट उचललं.

"बसा की निवांत. ताक आणतो," त्या म्हणाल्या. "मीठ तेवढं तुमचं तुम्ही घाला."