ठरावाची प्रत

निषेध की तीव्र निषेध, यावर नगरपरिषदेत तासभर खल चालला होता. दूरदेशीच्या युद्धावरचा तो ठराव टायपिस्ट बाई मुकाट्याने उतरवून घेत होत्या.

“युद्ध चाललंय त्या शहराचं नाव नीट कसं लिहायचं?” अध्यक्षांनी विचारलं.

बाईंनी एकेक अक्षर सांगितलं.

“तुम्हाला बरं ठाऊक!”

“माझी लेक असते तिथे. नऊ दिवस फोन लागत नाहीये.”

कुणीतरी घसा खाकरला.

“‘तीव्र’च लिहा, बाई,” अध्यक्ष हलकेच म्हणाले. ठराव एकमताने मंजूर झाला आणि सभा गटारांच्या विषयाकडे वळली.

संध्याकाळी बाईंनी ठरावाची प्रत लेकीच्या नावाने टपाल कचेरीत नेली.

“तिकडचं टपाल बंद आहे,” खिडकीतला कारकून म्हणाला.

“मग तुमच्याकडेच ठेवा. सुरू झालं की पाठवा,” म्हणत त्यांनी पाकीट आत सरकवलं आणि त्या एकट्याच घरी निघाल्या.