कचेरीतली खुर्ची

तोतारामने पुन्हा बोट वर केले आणि ट्रेझरीची दगडी कमान दाखवली.

"इंग्रजांच्या काळातली. आतली तिजोरी दोन माणसांनी मिळूनच उघडावी लागते." इमारतींविषयी बोलताना त्याची भाषा कचेरीची होत असे.

"पाह्यली," बेबाबाई म्हणाली. तिने कमानीला हात जोडले. सकाळपासून तिने कोर्टाला, सर्किट हाउसला आणि एका बंद पडलेल्या कारंज्यालाही जोडले होते. "आता तुमची खुर्ची दाखवा."

"जेल राहिलंय अजून."

"जेल ऱ्हाऊ द्या."

तोताराम तीस वर्षे धुळ्याच्या या जुन्या कचेरीत नोकरीला होता. शनिवारी एस.टी.ने आपल्या गावी असोद्याला जायचे, सोमवारी परत यायचे. साहेबांच्या खोलीला लागून तोतारामभाऊंची खुर्ची आहे, हे असोद्यात सर्वांना ठाऊक होते. ठाऊक त्यानेच करून दिले होते, लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात. एकदा सांगितलेली खुर्ची परत घेता येत नाही. उलट ती वाढत गेली. सत्तर साली तिला हात फुटले, पंचाहत्तरच्या सुमारास गादी आली. तो रिटायर झाल्यावर बायकोने, बेबाबाईने, एवढेच मागितले, की मले एकदा धुळं दाखवा. धुळ्यात इमारती पुष्कळ आहेत, त्या बघूनच ती थकेल, असा त्याचा हिशेब होता. ती थकली नव्हती.

कचेरीचा जिना चढताना तो दोन पायऱ्या मागे राहिला.

वर साहेबांच्या दाराबाहेर एक लाकडी स्टूल होते आणि त्यावर हिलाल, नवा शिपाई. तो लगबगीने उठला.

"या आबा. बठा ना, तुमनंच स्टूल शे हे."

तोताराम छताकडे बघू लागला. "सागवानी आहे," तो कोणालाच उद्देशून न बोलल्यासारखा म्हणाला.

बेबाबाईने त्याच्याकडे पाहिले नाही. ती वाकली आणि तांदळातले खडे चाचपावेत तसा स्टुलाच्या कडेवरून हात फिरवत गेली. उजव्या कोपऱ्यात हात थांबला. तिथे एका खिळ्याचे डोके वर आले होते.

"हाच," ती म्हणाली.

"काय सापडनं मावशी?"

"तीस वर्सं यांच्या खाकी पॅन्टी शिवल्या मी. दर रविवारी, उजव्या अंगाले, एकाच जागी. गादीच्या खुर्चीनं पॅन्ट फाटते का कधी?"

हिलालने वाकून खिळा पाहिला. "ठोकी टाकू का तो?"

"ऱ्हाऊ दे. त्याचं काय चुकलं?"

तिने कनवटीची पुडी सोडली. हळदकुंकू ती घरूनच घेऊन आली होती. दोन बोटे स्टुलाला लावली, उरलेले खिळ्याला, आणि खाली टेकून नमस्कार केला. देवाला करतात तेवढा वेळ.

"याच्यावर बसून दोन पोरी उजवल्या यांनी," उठताना ती हिलालला म्हणाली. "नीट वापर बापा."

तोताराम अजून छताकडेच बघत होता, पण आता त्याला छत नीट दिसत नव्हते.

जिन्याच्या वळणावर तो थांबला. कचेरीची भाषा वरच राहिली होती.

"असोद्यात कोनी इचारलं तर?"

बेबाबाईने पदर सारखा केला.

"गादी लाल होती सांगते," ती म्हणाली. "रंग तुमी कधी सांगितलाच नाही."