दिवेलागणीची कॉफी

योगेंद्र पुण्याहून साकोलीला आला तो गाडीच्या डिकीत अख्खं दुकान घेऊन. तंबू, घडीच्या खुर्च्या, अंथरुणं, आणि सगळ्यांत जपून आणलेलं कॉफीचं सामान: भाजलेल्या बिया, हाताने फिरवायचा ग्राइंडर, लांब चोचीची किटली. आईला, चंद्रभागाबाईला, आता कायमचं पुण्याला न्यायचं होतं. तिची खोली रंगवून तयार होती. त्याआधी एक रात्र मायलेकांनी उघड्यावर काढायची, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. सारा जन्म नागझिऱ्याच्या जंगलाशेजारी काढला आणि बाई एकदाही तंबूत झोपली नाही, हे त्याला काही पटत नव्हतं.

चंद्रभागाबाई आढेवेढे घेईल असं त्याला वाटलं होतं. पण ती एका बोलात तयार झाली आणि जागाही तिनंच सांगितली.

"आपल्या गल्लीतल्या कृष्णरावची बांधी हाये ना तळ्यापाशी. धान कापून झाला. तिथंच लाव तुझा तंबू."

कृष्णराव म्हणजे जंगल खात्यातून रिटायर झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेले, मितभाषी गृहस्थ. बाबा गेले तेव्हा योगेंद्रनं त्यांनाच हात जोडून सांगितलं होतं, काका, आईवर जरा लक्ष ठेवा. माणूस भला. एका रात्रीपुरतं रिकामं शेत द्यायला नाही कशाला म्हणेल?

उन्हं उतरली तसा योगेंद्रनं तीन दगड मांडून जाळ केला. बिया दळल्या, पाणी खळखळा उकळलं आणि मोठ्या थाटात कॉफी गाळून आईच्या हातात कप दिला. मनात हसतच होता. मागच्या दिवाळीत पुण्याला गुंजननं, म्हणजे त्याच्या बायकोनं, सासूला कॉफी दिली होती, तर सासूबाईंनी ती गुपचूप मनीप्लांटला पाजली होती.

चंद्रभागाबाईनं एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"पानी लय उकळलं रे. उतरवून जरा दम खाऊ द्याचा होता. अशानं जळकी लागते."

योगेंद्र बघतच राहिला. चहा सोडून दुसऱ्या कशाला तोंड न लावणारी आई त्याला कॉफीतलं शिकवत होती. तो काही म्हणणार, तोवर तिनं पदर खोचला आणि चुलीचा ताबा घेतला. पिशवीतून दुधाचा डबा काढला. निखाऱ्याकडेला दूध ठेवलं. पाणी उतरवलं, थांबली, मग पूड टाकून वर झाकण घातलं, धूर आत जाऊ नये म्हणून. थोड्या वेळानं झाकण काढून थंड पाण्याचा हबका मारला. चोथा तळाशी बसला तशी वरची कॉफी हलक्या हातानं ओतून घेतली आणि दूध घातलं. हात कुठेही अडला नाही. रोजचं काम असावं तसा चालला होता.

योगेंद्रनं घोट घेतला. कॉफी झकास होती. अशी त्याला स्वतःला कधी जमली नव्हती.

"आई, कुठं शिकली तू हे?"

"कृष्णरावले लागते. साऊथचा साहेब होता त्यायले नोकरीत, तवापासूनची सवय. चाय नाही चालत त्यायले."

मग योगेंद्रचं लक्ष दगडाकडे गेलं. तिथं तिसरा कप भरून, बशीनं झाकून ठेवलेला होता.

"हा कोनाचा?"

"येऊन राहिले ते," ती म्हणाली आणि जाळाकडे बघत पुढचं बोलून टाकलं. "योगू, मी पुण्याले नाही येत. आमी दोघं लग्न करनार आहो. विहारात, चार मानसांत. मले हे तुले फोनवर नव्हतं सांगायचं."

योगेंद्रनं हातातला कप खाली ठेवला. आधी संताप आला, नुसता संताप. रंगवलेली खोली आठवली, बाबांचा चेहरा आठवला.

"आणि बाबा?"

"त्यायचा फोटो जिथं हाये तिथंच राहील. कृष्णरावच मनले तसं."

"मी त्यायले तुह्यावर लक्ष ठेवाले सांगतलं होतं, आई."

"मंग? ठेवलंच ना त्यायनं."

योगेंद्रला ते रोजचे फोन आठवले. तो रोज दिवेलागणीला तिला फोन करायचा. ती रोज दोन शब्द बोलून म्हणायची, ठेव बाबू, दूध उतू जाऊन राहिलं. आणि तो पुण्यात बायकोला सांगायचा, आईला करमत नाही, बोलावंसंही वाटत नाही तिला, एकटी चहा पीत बसते बिचारी. त्या चहापायीच त्यानं खोली रंगवली होती. पण आई चहाला दूध कधी घालतच नव्हती, मग ते उतू जाणारं दूध कोणासाठी होतं? लहानपणापासून तो तिचा कोराच चहा बघत आला होता, आणि इतकं साधं त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. राग कुठे गेला ते त्याला कळलं नाही. लाज तेवढी वाटली.

धुऱ्यावर, बांधीच्या कडेला, सायकल थांबली. कृष्णराव हँडल धरून तिथंच उभे राहिले. स्वतःच्याच बांधीत पाय ठेवायचा की नाही, हे त्या माणसाला कळत नव्हतं. चंद्रभागाबाई उठली नाही. ती लेकाकडे बघत होती, आणि झाकलेला कप तिनं स्वतःजवळ ओढून घेतला होता. आईला आपली भीती वाटते, हे योगेंद्रला आयुष्यात पहिल्यांदा दिसलं.

तो उठला. झाकलेला कप घेऊन धुऱ्यापर्यंत गेला.

"घ्या काका. थंडी होऊन राहिली. बसा इकडं, खुर्ची हाये."

कृष्णरावांनी दोन्ही हातांनी कप घेतला. घोट घेऊन चंद्रभागाबाईकडे पाहून त्यांनी नुसती मान हलवली, आणि खुर्चीवर बसले ते अगदी कडेला.

योगेंद्रनं जाळात एक लाकूड सारलं. मग तोच बोलला.

"आई, मंग आता मी फोन कवा करत जाऊ?"

चंद्रभागाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"दिवेलागन सोडून कवाही कर," ती म्हणाली.