निनोंगच्या हाताची स्प्रिंग

परीक्षेला तीन दिवस उरले होते आणि निनोंग तेलेसफोरोंचं पिस्तूल पाचव्यांदा बंदुका दुरुस्त करणाऱ्या प्रासिंगच्या टेबलावर येऊन पडलं.

"काय गं दाय, पोरी, हातचं कसब विसरलीस की काय?" निनोंग हसत म्हणाले. "सगळ्या दानाओ गावात सांगत फिरतो मी, माझ्या लेकीसारखी स्प्रिंग कुणाला बसवता येत नाही म्हणून. पुन्हा अडकलं बघ."

प्रासिंगच्या लग्नात तेलेसफोरो निनोंग, म्हणजे धर्मपिता, म्हणून चर्चमध्ये पाठीशी उभे राहिले होते. तेव्हापासून तिला वडिलांच्या जागी तेच. तिच्या नवऱ्याला, लांदोला, पगाराची रोकड नेणाऱ्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून त्यांनीच चिकटवलं. लांदो गाडी हाकायचा आणि पिस्तूल घेऊन शेजारी बसायचे निनोंग. दरवर्षी कंपनी पहारेकऱ्यांची नेमबाजीची परीक्षा घेई. कंपनीचीच तीस काडतुसं, आणि दोनदा अडकलं की माणूस घरी.

प्रासिंगने सोळा नंबरची स्प्रिंग तपासली, कारखान्यामागच्या वाळूच्या पिंपावर स्वतः पंधरा बार काढले. पिस्तूल शहाण्या मुलासारखं चाललं.

"आता तुम्ही उडवा. इथंच, माझ्यासमोर."

निनोंग जरा थबकले. मग उडवले. तिसऱ्याच बाराला रिकामी पुंगळी स्लाईडच्या, म्हणजे पिस्तुलाच्या वरच्या सरकत्या भागाच्या, तोंडात उभी अडकली. प्रासिंगची नजर मात्र पिस्तुलावर नव्हतीच, ती मनगटावर होती. बार निघाला की ते ओल्या फडक्यासारखं मागे पडत होतं. मागे येणाऱ्या स्लाईडला टेकायला घट्ट हात लागतो. हातच तिच्याबरोबर मागे गेला, तर ती अर्ध्या वाटेतच थकते.

तिने त्याहून नरम, चौदा नंबरची स्प्रिंग बसवली. पाचव्या बाराला अडकलं. आणखी नरम, बारा नंबरची बसवली तेव्हा पुंगळ्या उडाल्या छान, पण भरल्या मॅगझीनमधलं काडतूस वर ढकलायला स्प्रिंगमध्ये जोर उरला नाही. स्लाईड अर्धवट उघडीच राहिली.

"मॅगझीन खराब असेल," निनोंग म्हणाले.

"असेल, निनोंग."

घरी लांदो भाताबरोबर सुकी मासळी खात बसला होता. तिने निनोंगच्या मनगटाचं सांगितलं तरी त्याने मानही वर केली नाही.

"माहितीये मला."

"कधीपासून?"

"नाताळापासून. पिशव्या डाव्या हातानं उचलतात. दार मीच उघडून देतो."

"आणि वाटेत कुणी गाडी अडवली तर?"

"जोरात हाणीन गाडी."

"लांदो!"

"मग तू सांग जाऊन त्यांना, हात गेला तुमचा म्हणून. घरी बसा म्हणून. सांग ना! माझ्या तोंडून नाही निघायचं."

सकाळी ती चर्चमध्ये गेली. नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा शेवटचा दिवस होता. मेणबत्ती लावली, गुडघे टेकले, पण मागावं काय तेच ठरेना. परीक्षेत पास होऊ देत? की नापास? मेणबत्ती निम्मी जळाल्यावर ती उठली.

मग ती कारखान्यात आली आणि हात कामाला लागले. चौदाच्या स्प्रिंगचा एक वेढा तिने कापला. काडतूस ज्यावरून नळीत चढतं ती चढण आरशासारखी घासली. मॅगझीनला नवी, ताठ स्प्रिंग घातली. घोड्याची स्प्रिंगही एक पायरी उतरवली, कारण स्लाईड मागे येताना तीही अडवते. अजून उतरवली असती तर काडतूस पेटलंच नसतं. हात असे रंगले होते, की आपण हे कशासाठी करतोय याची आठवण मनाला फार उशिरा झाली.

निनोंगनी तीस बार काढले. मग आणखी तीस. एकदाही अडकलं नाही. न अडकणाऱ्या प्रत्येक बाराबरोबर तिच्या छातीवर एकेक दगड चढत होता.

"निनोंग," ती हळूच म्हणाली, "हे आता फक्त तुमच्याच हाताला चालेल. घट्ट हाताच्या माणसानं चालवलं तर स्लाईड आपटून पिस्तुलाचा सांगाडा ठेचला जाईल."

ते बराच वेळ पिस्तूल पुसत राहिले.

"कळलं म्हणजे तुला."

"हो."

"लांदोला?"

"त्याला आधीच कळलं होतं."

"बरं," निनोंग म्हणाले. "तोंडानं मात्र म्हणू नकोस, दाय. तू म्हणालीस की मला घरी बसावं लागेल."

तिला म्हणायचं होतं. जिभेच्या टोकाशी शब्द उभे होते. पण समोर लग्नात तिच्या पाठीशी उभा राहिलेला माणूस होता.

ते पास झाले. तीसच्या तीस.

सोमवारी सकाळी सातला दारात गाडी थांबली. निनोंग स्वतः खाली उतरले आणि केळीच्या पानात बांधलेला गरम बुडबुड, नारळाच्या दुधातला चिकट भात, तिच्या हातात ठेवला.

"पुढच्या वर्षी आणखी जरा नरम कर हं."

"याहून नरम होत नाही, निनोंग. घोडा पडेल, पण बार निघणार नाही."

"तू काढशील काहीतरी. तुझ्यासारखी आहे कोण?"

लांदोने आतून वाकून त्यांच्यासाठी दार उघडलं. तिच्याकडे बघायचं त्याने टाळलं. गाडी वळणापलीकडे गेली, आवाजही विरला, तरी प्रासिंगचे कान तिकडेच होते. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी गाडी परत येईपर्यंत ते तिकडेच राहू लागले.